खिडकीचं सिल बाहेर वाढवताना : लाकडी घराची भिंत कोरडी ठेवण्याची रीत

पाऊस चांगला लागलेला असताना छत्री घेऊन घराबाहेर या आणि एका खिडकीखाली पाच मिनिटं उभे राहा. खिडकीच्या चौकटीच्या तळाशी बाहेर डोकावणारी जी उतरती फळी असते, तिला आपण सिल म्हणतो. त्या सिलच्या कडेवर नजर ठेवा. थेंब कडेपर्यंत येतो, फुगतो, लोंबतो. आता तो कुठे जातो ते बघा. सिल नीट असेल तर पागोळीसारखा सुटून थेट जमिनीवर पडतो. सिल आखूड असेल, किंवा पोटाकडून सपाट असेल, तर तोच थेंब कडेला चिकटून खाली वळतो, फळीच्या पोटाखालून मागे मागे सरकतो आणि भिंतीच्या फळ्यांना जाऊन भिडतो. तिथून तो फळ्यांच्या फटीत शिरतो, आणि तुम्हाला त्याचा पत्ता लागतो तो दोन-चार वर्षांनी, आतल्या बाजूला ओलीचा डाग उमटल्यावर.

लाकडी घरात खिडकीखालची भिंत लवकर कुजते ती बहुतेक वेळा या वळलेल्या थेंबामुळे. म्हणून सिल वाढवण्याच्या कामात मनाशी एकच गोष्ट पक्की धरावी: पाण्याला बाहेर सुटायला जागा करून द्यायची आहे. सगळ्या फटी सीलंटने, म्हणजे फटीत भरायच्या रबरी लुकणाने, बुजवून पाणी अडवू असं म्हणणारा माणूस वर्षभर खूष असतो. सीलंट एका ठिकाणी केसाएवढं सुटलं की पाणी आत जातं, आणि बाकी सगळं बुजवलेलं असल्यामुळे ते आतच बसतं.

सिल आखूड का पडतं

सिल जन्मतः आखूड क्वचितच असतं. घर बांधताना सुताराने ते भिंतीच्या पुढे व्यवस्थित काढलेलं असतं. नंतर भिंत जाड होते. जुन्या फळ्यांवर नवं क्लॅडिंग, म्हणजे बाहेरच्या फळ्यांचा थर, बसवलं जातं, थंडी किंवा उकाडा अडवायला बाहेरून इन्सुलेशनचे बोर्ड लावले जातात, आणि खिडकी मात्र होती तिथेच राहते. हिशोब करून बघा. इन्सुलेशन 50 मिमी, त्यावर हवेसाठी ठोकलेल्या पट्ट्या 25 मिमी, त्यावर नव्या फळ्या 20 मिमी. भिंत 95 मिमीने पुढे आली. जुनं सिल 40 मिमी बाहेर होतं, ते आता नव्या भिंतीच्या 55 मिमी आत गेलं. त्यावरून ओघळणारं प्रत्येक थेंबभर पाणी आता भिंतीच्या पोटात पडणार.

दुसरं कारण अधिक चीड आणणारं आहे. क्लॅडिंग बसवणाऱ्याला सिलची बाजूला निघालेली टोकं, म्हणजे शिंगं, आडवी येतात. मग तो ती करवतीने भिंतीच्या सपाटीला कापून टाकतो. दिसायला सरळ रेघ, पण कापलेलं तोंड उघडं पडतं आणि नेमक्या कोपऱ्यातच पाणी मुरायला लागतं. तुमच्या घरावर असं काम चालू असेल तर तिथे उभे राहून ही शिंगं वाचवा.

आधी तपासणी, मग हत्यारं

एक जाड सुई किंवा टोच्या घ्या. सिलची पुढची कड, दोन्ही कोपरे, चौकटीचे उभे खांब सिलला जिथे टेकतात ती जागा आणि सिलच्या खालची पहिली फळी, इथे टोचून बघा. निरोगी लाकूड टोच्याला दाद देत नाही, दोन-तीन मिमीवर थांबवतं आणि टोच्या तिरका करून उचकला तर लांब कुसळ निघतं. कुजलेलं लाकूड बिस्किटासारखं मोडतं आणि टोच्या सहज आत जातो. रंगावर विश्वास ठेवू नका. मी अशी सिलं पाहिली आहेत की वरून चकचकीत, आणि बोटाने दाबलं की रंगाचा पापुद्राच हातात. आत नुसता भुसा.

ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र मिळालं तर फार सोय होते. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी तिथे जोर धरू शकत नाही. साधारण 28 ते 30 टक्क्यांवर लाकडाचे तंतू तुडुंब भरलेले असतात, आणि तिथे बुरशीला मोकळं रान मिळतं. डिंक लावायला आणि रंग द्यायला मात्र 20 चालत नाही. 15 टक्क्यांच्या आसपास यावी. सिल ओलं असेल तर खिडकीच्या डोक्यावरून प्लास्टिकचा कागद भिंतीपासून हातभर दूर राहील असा सोडा, खालची बाजू उघडी ठेवा, आणि दोन-तीन आठवडे थांबा. कागद सिलला चिकटवून गुंडाळला तर ओल आतच कोंडते आणि सगळं उलटं होतं.

आता एक प्रश्न स्वतःला विचारा: पाणी खरंच सिलवरूनच येतंय का? कधी दोष वरच्या खिडकीचा असतो, कधी चौकटीच्या डोक्यावरच्या पत्र्याचा, कधी तुंबलेल्या पन्हळीचा. कधी तर पाणी बाहेरचं नसतंच. थंडीत काचेवर आतल्या वाफेचं दंव धरतं आणि ओघळून आतून सिलमध्ये उतरतं. हे ओळखायला बागेचा पाइप पुरतो. पाणी आधी फक्त सिलच्या खालच्या भिंतीवर दहा मिनिटं सोडा. आत कोणी तरी टॉर्च घेऊन बसलेलं हवं. ओल दिसली नाही तर सिलवर, मग बाजूच्या पट्ट्यांवर, शेवटी खिडकीच्या डोक्यावर. खालून वर जायचं हा क्रम मोडू नका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. पाण्याला जोर नको, पावसासारखं पडू द्या.

कुजणं फक्त पुढच्या कडेला असेल तर ती कड कापून नवी जोडता येते, आणि हा लेख त्यासाठीच आहे. टोच्या चौकटीच्या खांबांखाली किंवा भिंतीच्या सांगाड्यात सहज शिरत असेल तर पट्टी जोडून भागणार नाही. तिथे पूर्ण सिल बदलावं लागतं, कधी चौकटही, आणि ते काम अनुभवी सुताराकडे द्यावं.

घर जुनं असेल तर आणखी एक काळजी. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, जाळून काढू नका. तपासणीची पट्टी मिळते, तिने आधी खात्री करा. शिसं निघालं तर पाणी मारून ओला खरवडा, चांगला मास्क लावा, खाली कागद अंथरून सगळा कचरा गोळा करा आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

तीन मापं

सिलचं सगळं शास्त्र तीन मापांत आहे.

पहिलं, ढाळ. दर 100 मिमी रुंदीला किमान 10 मिमी उतार हवा. 15 मिमी असेल तर फारच छान, कारण वाऱ्याने मागे ढकललेलं पाणीही परत उतरतं आणि बर्फ पडणाऱ्या मुलखात तो साचून राहत नाही. मोजायला सोपं आहे: पाणसळ सिलवर पुढे-मागे अशी ठेवा, पुढचं टोक उचलत बुडबुडा मधोमध आणा आणि पुढच्या कडेशी पाणसळीखाली किती फट पडली ते मोजा.

दुसरं, पुढावा. भिंतीचा जो शेवटचा पृष्ठभाग असेल, म्हणजे नवं क्लॅडिंग धरून, त्याच्यापुढे सिल 40 मिमी निघालेलं असावं. 30 च्या खाली जाऊ नका. जोराचा वारा खाणारी भिंत असेल तर 50 करा.

तिसरं माप लोक सगळ्यात जास्त विसरतात आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोलाचं आहे: पोटातली खाच. सिलच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासून 12 ते 15 मिमी आत, लांबीभर एक खाच मारायची. रुंदी 6 ते 8 मिमी, खोली 6 मिमी. कडेला चिकटून मागे निघालेला थेंब या खाचेच्या धारेशी येतो, त्याला पुढे जायला वर चढावं लागतं, ते त्याला जमत नाही, आणि तो तिथेच सुटून पडतो. एवढीशी खाच, पण तिच्याविना 40 मिमीचा पुढावाही निम्मा वाया जातो. खाच यापेक्षा अरुंद केली तर दोन हात रंगात ती बुजते आणि पाणी तिच्यावरून पूल बांधून पलीकडे जातं. दोन्ही टोकांना शिंगांच्या खालीही ती भिंतीकडे वळवून न्या, म्हणजे कोपऱ्यातून वळसा घालणारं पाणीही तुटेल.

लाकूड कुठलं

झाडाच्या गाभ्याचं, घट्ट वाढीचं, गाठी नसलेलं लाकूड निवडा. सालीजवळचा फिका भाग टिकाऊ जातीतसुद्धा लवकर कुजतो. साग, देवदार, ओक यांचा गाभा चांगला टिकतो. फळीचं कापलेलं तोंड बघा: वाढीची वर्तुळं उभी दिसत असतील तर ती फळी पाऊस-उन्हात कमी हलते. वर्तुळं आडवी पसरलेली असतील तर ओलीत सहा टक्क्यांचा फरक पडला तरी 200 मिमी रुंद फळी साधारण 3 मिमीने फुगते किंवा आकसते. उभ्या रेषेच्या फळीत हे जवळपास निम्म्यावर येतं. सांध्यावरचा रंग फाटणार की टिकणार हे यावर ठरतं. साधा प्लायवूड किंवा एमडीएफ (भुसा दाबून केलेला बोर्ड) इथे अजिबात नको.

लाकूड ठरलं की स्क्रूही त्याच्याकडे बघून ठरवा. ओकसारख्या लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे साध्या लोखंडाभोवती काळे ओघळ उतरतात. तांबेयुक्त औषध मुरवलेलं लाकूड साधं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही खातं. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घेतले की हा सगळा विचार संपतो, आणि एका खिडकीला ते लागतात तरी किती.

पट्टी जोडून सिल वाढवणं

सिल निरोगी असेल आणि 60 मिमीपर्यंत वाढवायचं असेल तर पुढच्या कडेला नवी पट्टी जोडणं हा सगळ्यात चांगला मार्ग. मी ज्या क्रमाने करतो तो सांगतो.

जुन्या सिलची पुढची कड आधी सरळ करून घ्या. वर एक सरळ पट्टी शिकंज्याने आवळा, तिच्या आधाराने करवत चालवा आणि निरोगी लाकूड लागेपर्यंत मागे या. कुजकं लाकूड थोडं राहू दिलं तर डिंक त्यालाच चिकटतो आणि पट्टीसकट गळून पडतो. कोपऱ्यात करवत पोचत नाही, तिथे पटाशीने पूर्ण करा. रंध्याचे दोन हात मारून कड साफ करा.

आता नवी पट्टी. जाडी जुन्या सिलएवढी. रुंदी किती ते असं काढा: जुन्या सिलची नवी कड भिंतीच्या शेवटच्या पृष्ठभागाच्या आत असेल तर तेवढं अंतर अधिक 40 मिमी. लांबी काढताना दोन्ही बाजूंना खिडकीच्या बाहेरच्या पट्ट्यांच्या पुढे 25-25 मिमी धरा, म्हणजे गेलेली शिंगं परत मिळतील. शिंगांच्या मागे क्लॅडिंग येतं, तिथे पट्टीला खाच देऊन ती भिंतीला जवळजवळ भिडवा. 3 मिमी फट राहू द्या.

पट्टीत पोटाची खाच जोडण्याआधीच मारून घ्या. टेबलावर राउटर, म्हणजे खाचा मारायचं यंत्र, दोन मिनिटांत मारतो. भिंतीवर चढवल्यावर डोक्याच्या वर हात करून मारायची तर खाच वाकडी जाते आणि खांदे भरून येतात. पुढच्या वरच्या आणि खालच्या धारेची टोकदार कड 2-3 मिमीने गोल करा, कारण धारदार कडेवर रंग पातळ बसतो आणि पहिला तिथेच फुटतो.

सांधा. नुसती कडेला कड लावून डिंक फासला तर काही वर्षांत रेघ उमटते. जुन्या सिलच्या कडेत आणि नव्या पट्टीच्या मागे, दोन्हीकडे मधोमध 6 मिमी रुंद आणि 12 मिमी खोल चर मारा आणि त्यात 6 मिमी जाडीची, जेमतेम 23 मिमी रुंद चीप, म्हणजे लाकडाची सपाट पट्टी, घाला. तिने पट्टी वर-खाली सरकत नाही, आणि सांध्यातून उतरणाऱ्या पाण्यालाही वळसा घालावा लागतो. चीप दाबून बसली पाहिजे, ठोकून नाही.

कोरडं जोडून बघा. इथे घाई करू नका. वरून बोट फिरवा: जुन्या सिलवरून नव्या पट्टीवर येताना बोट अडलं तर पाणीही अडणार. पट्टी अगदी सपाटीत हवी, किंवा अर्धा-एक मिमी खाली. वर कधीच नको. मग सिलच्या मागच्या कडेला वाटीभर पाणी ओता आणि बघा. ते न थांबता सांधा ओलांडून कडेवर आलं आणि खाचेच्या अलीकडे सुटलं, तर पुढे जा. बाहेर उघडणारं झडप असेल तर ते उघडून-मिटून बघा, नव्या कडेला घासतंय का.

हे पाणी पुसून लाकूड पूर्ण वाळू द्या. डिंक इपॉक्सी किंवा पाण्याला टिकणारा पॉलियुरेथेन घ्या. घरातला पांढरा डिंक इथे नको. इपॉक्सी वापरत असाल तर आधी दोन्ही कडांना पातळ हात द्या, लाकूड तो पिऊन घेईल. मग घट्ट केलेला डिंक लावा. शिकंजा हलका आवळा, सगळा डिंक पिळून बाहेर आला तर सांध्यात काही उरत नाही. पुढच्या कडेतून दर 250 मिमीला एक स्क्रू, आधी भोक पाडून, जुन्या सिलमध्ये किमान 40 मिमी जाईल एवढा लांब. त्याचं डोकं 10 मिमी खोल बुडवून वर त्याच लाकडाची गुटी डिंकाने बसवा, रेषा पट्टीच्या रेषेला जुळवून.

भिंत फार जाड झाली असेल तर

वर हिशोबात आलेली खिडकी आठवा. तिथे 55 अधिक 40, म्हणजे 95 मिमी पुढे जायचं आहे. एवढी पट्टी नुसत्या सांध्यावर अधांतरी ठेवली तर कोणी तरी शिडीऐवजी तिच्यावर पाय देतो आणि सांधा उघडतो. पण यातले 55 मिमी नव्या भिंतीच्या जाडीवरच आहेत. म्हणून क्लॅडिंग लावण्याआधी, हवेसाठीच्या पट्ट्यांच्या पातळीवर, सिलच्या खाली एक आडवा आधार सांगाड्याला स्क्रूने धरा आणि त्याचा माथा सिलच्याच ढाळाने कापा. नवी फळी त्यावर टेकेल आणि खरी अधांतरी राहील ती फक्त शेवटच्या 40 मिमीत.

या फळीच्या खाली, सांध्याच्या दोन्ही बाजूंना पोचेल असा जलरोधक चिकटकागद आधी अंथरा. मागची कड जुन्या सिलच्या पोटाला चिकटवा, टोकं दोन्ही बाजूंना वर वळवा, पुढची कड भिंतीवरच्या कागदाच्या वर येऊ द्या. कौलं बसवताना वरचं कौल खालच्यावर चढतं. इथल्या प्रत्येक थराला तोच नियम. कधी तरी सांध्यातून पाणी उतरलंच तर ते या कागदावरून बाहेर निघून जाईल. खालचा थर वरच्यावर चढवला, तर पाणी हमखास दोघांच्या मध्ये शिरतं.

पत्रा केव्हा

सिल निरोगी आहे पण जुनं, खडबडीत, भेगाळलेलं आहे, किंवा खिडकी इतकी उंचावर आहे की दर काही वर्षांनी रंगाला चढणं शक्य नाही, तर वरून पत्रा बसवा. कार्यशाळेत मापाने वाकवून मिळतो. मागची कड चौकटीच्या खालच्या लाकडाच्या मागे किंवा त्यातल्या चरात वर चढलेली हवी. नुसती चौकटीला टेकवून सीलंटची रेघ ओढली तर ती रेघ सुटेल त्या दिवशी पाणी थेट पत्र्याखाली. दोन्ही टोकं 15-20 मिमी वर वळवा. पुढची कड 40 मिमी बाहेर काढून खाली वाकवा आणि तिचं टोक भिंतीपासून जरा दूर फाकवा.

अ‍ॅल्युमिनियम उन्हात वाढतं. 2 मीटर लांब पत्रा 50 अंशांच्या फरकात जवळपास 2.4 मिमीने लांबतो. दोन्ही टोकांना मिळून 5 मिमी मोकळीक ठेवली नाही तर तो उन्हात फुगतो आणि स्क्रूची भोकं फाटतात. पत्र्याखाली लाकडाला हवा लागू द्या, चारही बाजूंनी बंद करू नका. खाली तांबेयुक्त औषधाचं लाकूड असेल तर मध्ये एक थर घाला. आणि तांब्याच्या पत्र्यावरून ओघळणारं पाणी अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताच्या पत्र्यावर पडेल अशी रचना कधीच नको, खालचा पत्रा खाऊन टाकतं.

सीलंट कुठे, आणि कुठे मुळीच नाही

सुरुवातीच्या काळात मी एका घराच्या सहा खिडक्यांची सिलं बसवली. काम नीटनेटकं दिसावं म्हणून प्रत्येक सिलच्या खाली, फळीचं पोट भिंतीला जिथे भेटतं तिथे, सीलंटची सुंदर रेघ ओढली. दोन पावसाळ्यांनी त्या घरून निरोप आला. दोन खिडक्यांखालच्या फळ्यांवर रंगाचे फोड आले होते. मी एक फळी उचकली तर मागे बोटभर ओल आणि काळ्या रेषा. बाजूच्या सांध्यातून थोडंसं पाणी आत जात होतं, फार नाही, आपोआप वाळलं असतं एवढं. पण खालून बाहेर पडायची त्याची वाट मीच बंद केली होती. ती रेघ कापून काढली, फळ्या बदलल्या, आणि त्यानंतर सिलच्या पोटाखाली मी कधीही सीलंट लावलेलं नाही. तिथे 5-6 मिमी मोकळी फट असते, किडे जाऊ नयेत म्हणून फार तर बारीक जाळी.

सीलंट लागतं ते बाजूला: चौकटीच्या उभ्या पट्ट्या सिलला टेकतात तिथे आणि शिंगांची मागची फट. फट खोल असेल तर आधी फोमची दोरी दाबा, म्हणजे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटेल आणि रबरासारखं ताणलं जाईल. रुंदी खोलीच्या दुप्पट असू द्या. वर रंग द्यायचा असेल तर सिलिकॉन घेऊ नका, त्यावर रंग धरत नाही. पॉलियुरेथेन किंवा हायब्रिड जातीचं सीलंट घ्या. खिडकीच्या चौकटीला तळाशी पाणी निघायची बारीक भोकं असतील तर ती बुजणार नाहीत याकडे डोळ्यांत तेल घालून बघा.

अस्तर आणि रंग

इथे फार सांगण्यासारखं नाही, एक गोष्ट सोडून. लाकूड कापलेल्या तोंडातून जेवढं पाणी पितं तेवढं बाजूने पीत नाही. तंतूंच्या नळ्या तिथे उघड्या असतात. म्हणून शिंगांची टोकं, कापलेल्या खाचा, स्क्रूची भोकं यांना अस्तराचे, म्हणजे रंगाआधीच्या प्राइमरचे, तीन हात द्या, पहिला जरा पातळ करून, पिऊन संपेपर्यंत पुन्हा पुन्हा. फळीच्या सहाही बाजूंना अस्तर बसवण्याआधी लागलेलं असावं, पोटाच्या खाचेच्या आतही. मग वरून बाहेरच्या कामाच्या, वाफ बाहेर जाऊ देणाऱ्या रंगाचे दोन हात. खाचेत रंग साचला तर ओला असतानाच ब्रशच्या टोकाने काढून घ्या.

वरच्या मजल्यावरच्या खिडकीला हे सगळं शिडीवर उभं राहून करू नका. दोन्ही हात कामात असतात. परांची बांधा किंवा भाड्याचा मचाण आणा.

पहिल्या मोठ्या पावसात

काम संपल्यावर पहिला जोराचा पाऊस येईल त्या वेळी टॉर्च घेऊन पुन्हा त्याच खिडकीखाली जा. कडेवरून थेंब सुटताना दिसतीलच. मग सिलच्या पोटाखाली हात घाला. खाचेच्या पुढचा भाग ओला लागेल, मागचा कोरडा. मागचाही ओला लागला तर खाच रंगाने बुजली आहे का, किंवा कुठे पट्टीचा पुढावा कमी पडलाय का ते बघा. बुजलेली खाच पटाशीच्या कोपऱ्याने उघडून तिथे अस्तर लावा. कोपऱ्यातच ओल असेल तर शिंगाखाली वळवलेली खाच तपासा. पुढावाच कमी असेल तर पोटाला पुढच्या कडेपासून 10 मिमी आत वाकवलेल्या पत्र्याची बारीक पट्टी स्टेनलेसच्या छोट्या स्क्रूंनी धरा. तेवढ्यानेही थेंब तुटतो.

त्यानंतर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर, सिलवरचा पाचोळा झाडा, ओल्या फडक्याने पुसा आणि सांध्याच्या रेघेवर नख फिरवा. रंगात केसाएवढी भेग लागली तर त्याच आठवड्यात ती खरवडून, वाळवून, अस्तर आणि रंगाचा ठिपका द्या. तेवढ्यासाठी अस्तराचा आणि रंगाचा अर्धा डबा झाकण घट्ट लावून, वर खिडकीचं नाव आणि तारीख लिहून बाजूला ठेवा.